पोलंड : अर्ध्यावर तुटणारा सूर आणि टेबलावरचं एक रिकामं ताट

मीरा_नाशिक

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरपासून एका सेमिस्टरसाठी क्राकुफमध्ये आहे. (आपण क्राकोव्ह लिहितो, इथले लोक शेवटी 'फ' म्हणतात.) यागिएलोन्यन विद्यापीठ 1364 सालचं. राजा काझिमिएझ याने स्थापलेलं, कोपर्निकस इथेच शिकला. माझा विषय रसायनशास्त्र. इतिहासाशी संबंध दहावीत सुटला होता. पण इथे आल्यावर इतिहास टाळून रस्त्याने चालताच येत नाही, म्हणून हा धागा काढते आहे. इथे राहिलेले, शिकलेले कुणी असतील तर त्यांनीही लिहावं.

सुरुवात आवाजापासून करते. गावाच्या मुख्य चौकात, म्हणजे रिनेकवर, सेंट मेरीचं चर्च आहे. त्याच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते. दिवसा आणि रात्रीसुद्धा. चार खिडक्या, चार दिशा, चार वेळा तोच सूर. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. त्या सुरावटीला 'हेइनाऊ' म्हणतात आणि ती पूर्ण होत नाही. चढत जाते आणि मधेच, श्वास कापल्यासारखी, तुटते. पहिल्या दिवशी मला वाटलं वाजवणाऱ्याला ठसका लागला असेल. तासाभराने पुन्हा तिथेच तुटली. शेजारी ओब्वाझानेक (तीळ किंवा खसखस लावलेलं पावाचं कडं, निळ्या गाडीवर मिळतं) विकणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी गळ्यावर बोट ठेवून दाखवलं: बाण. तातार चालून आले, पहारेकऱ्याने इशारा दिला आणि बाण त्याच्या गळ्यात घुसला. तिथून पुढचा सूर कुणीच वाजवत नाही. दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओवरून देशभर ऐकवतात.

दुसरी गोष्ट माझ्या विषयातली. आवर्त सारणीत 84 क्रमांकावर पोलोनियम आहे हे मी शंभर वेळा लिहिलं असेल. मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजे आपली मादाम क्युरी, 1867 मध्ये वॉर्सात जन्मली तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. 1772, 1793 आणि 1795 अशा तीन घासांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो संपवला होता. वॉर्सात रशियाचं राज्य, मुलींना विद्यापीठाची दारं बंद. ती आणि तिची बहीण चोरून भरणाऱ्या वर्गांत शिकल्या. आज या घरी, उद्या त्या घरी, म्हणून त्याचं नाव 'उडतं विद्यापीठ'. पुढे पॅरिसला जाऊन 1898 मध्ये नवं मूलद्रव्य सापडलं, तेव्हा तिने त्याला त्या नसलेल्या देशाचं नाव दिलं. नकाशावर जागा मिळायला आणखी 20 वर्षं लागली, सारणीत आधी मिळाली. हे मला नाशिकच्या प्रयोगशाळेत कुणी सांगितलं असतं तर मी तो चौकोन वेगळ्या नजरेने पाहिला असता.

बाकी थोडं थोडं लिहीत जाईन. परवाच रूममेटच्या आजीकडे नाताळ करून आले, ते सविस्तर सांगायचं आहे.

भटकंती

छान सुरुवात. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. एक शंका. ती बाणाची गोष्ट खरी आहे का? मी तिथे दोन दिवसच होतो, गाइडने 1241 साल छातीठोकपणे सांगितलं होतं.

जुना_वाचक

तातारांची स्वारी 1241 ची, ती खरी. तुतारीही फार जुनी आहे. पण सूर तुटण्याचा बाणाशी जोडलेला किस्सा मुख्यतः विसाव्या शतकात पसरला. त्याने गोष्टीचं मोल कमी होत नाही असं मी मानतो. लोकांनी कोणती गोष्ट उराशी धरली तेही इतिहासातच जमा असतं. मीराताई, तुमच्या नसलेल्या देशाच्या मुद्द्याला एक जोड: त्यांचं राष्ट्रगीत 1797 मधलं आहे. देश जाऊन दोनच वर्षं झालेली, युझेफ विबित्स्कीने ते इटलीत पोलिश सैनिकांसाठी लिहिलं. सुरुवातच अशी की पोलंड अजून संपलेला नाही. विजयाने सुरू होणारी राष्ट्रगीतं पुष्कळ आहेत, हे नकाराने सुरू होतं.

शब्दवेडी

मीरा, भाषा किती शिकलीस? पोलिश भयंकर अवघड असते असं सगळीकडे वाचते.

मीरा_नाशिक

@शब्दवेडी ताई, अवघड आहे, पण मराठी माणसाला दोन-तीन ठिकाणी हात मिळतो. आमच्या वर्गात स्पॅनिश, तुर्की, कोरियन मुलं आहेत आणि दिल्लीचा एक मुलगा. 'सी' या अक्षराचा उच्चार सगळ्यांना वेगळा शिकवावा लागला. मला नाही, कारण तो आपल्या 'चमचा', 'चोर' मधला च आहे. 'काय' ला पोलिशमध्ये 'चो' म्हणतात, तो 'चोर' मधला चो. रात्र म्हणजे 'नोच', तोही तसाच दाताजवळचा. 'खूप' म्हणजे 'बार्जो', त्यातला ज 'जहाज' मधला. शिवाय 'चार' मधला तालव्य च त्यांच्याकडेही वेगळा आहेच. मास्तरीणबाईंनी मला उभं करून सगळ्यांना ऐकवायला लावलं. आजवर या दोन 'च' चं मला काही वाटलं नव्हतं.

लिंगं तीन. दिल्लीच्या मित्राला नपुंसकलिंग पटवून देता देता दमले. विभक्त्या सात आणि नावंसुद्धा बदलतात. माझं नाव पोलिश तोंडात 'मिरा' झालं. हाक मारताना 'मिरो!'. मला काही द्यायचं असेल तर 'मिझे'. पहिल्या आठवड्यात वाटायचं दुसऱ्याच कुणाला बोलावतायत. पण आपणही घोडा असताना घोड्याला म्हणतोच की.

आणि अनोळखी मोठ्या माणसाला 'तू' म्हणायचं नाही. बाईंना 'पानी', पुरुषाला 'पान'. आपल्या अहो-जाहोसारखंच, फक्त क्रियापद तृतीय पुरुषी. 'पानींना चहा हवा आहे का?' अशी रचना. मला ती फार आवडते.

शब्दवेडी

किती छान! अग्नी आणि 'ओग्येन्', विधवा आणि 'व्दोवा', शत आणि 'स्तो' हे मी ऐकून होते, पण चोराचा च कुणी सांगितला नव्हता. भाषेवरून आठवलं, 1901 मध्ये व्झेश्न्या नावाच्या गावात शाळकरी मुलांनी जर्मनमधून प्रार्थना म्हणायला नकार दिला होता. तो भाग प्रशियाकडे होता. धर्माचा तासही जर्मनमधून सक्तीचा केला, मुलं गप्प बसली, तर त्यांना छड्यांनी मारलं. बाहेर जमलेल्या आईबापांवर खटले भरले. शाळेतली लहान मुलं ती. मातृभाषेतल्या शाळांबद्दल बोलताना मला नेहमी तो वर्ग डोळ्यांसमोर येतो.

गृहिणी_ठाणे

माझा मुलगा पुढच्या वर्षी जातोय, तो शाकाहारी आहे. जेवणाचं कसं होतं गं?

मीरा_नाशिक

काकू, काळजी करू नका. 'बार म्लेच्नी' शोधायला सांगा. शब्दशः 'दुधाचा बार', दारूशी संबंध नाही. साधी, स्वस्त खानावळ, काचेमागे मावशी, हातात ताट घेऊन रांग. तिथे पियेरोगी मिळतात, म्हणजे उकडलेल्या करंज्याच. बटाटा आणि पनीरासारख्या चीजचं सारण असलेल्या 'रुस्किए' मागायच्या. पण एक वाक्य पाठ करून जायला सांगा: 'बेस स्क्वारेक'. नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालून देतात. मी शाकाहारी असल्याचं सांगूनही एकदा ते आले, कारण इथे कित्येकांच्या हिशोबात ते मांस नसून फोडणी आहे! बटाट्याची धिरडी, टोमॅटोचं सूप, गोड चीज भरलेले घावन हे सगळं चालतं. 'झुरेक' मात्र नको. आंबवलेल्या राईच्या पिठाचं ते सूप वासाला आपल्या आंबिलीची आठवण करून देतं, पण त्यात सॉसेज असतं.

आता नाताळ. रूममेटचं गाव तार्नुफजवळ. 24 डिसेंबरच्या रात्रीला विगिल्या म्हणतात आणि घरात ती 25 पेक्षा मोठी. दिवसभर जवळजवळ उपास. त्या जेवणात मांस नाही, मासा चालतो. बारा पदार्थ. मी पोचले तेव्हा आजी (बाब्चा) 'उश्का' करत होत्या, म्हणजे 'छोटे कान'. नखाएवढ्या पारीत वाळलेल्या रानआळंब्यांचं सारण, ते बिटाच्या लालभडक बार्श्च सुपात सोडतात. मलाही पारी दिली. मोठ्या पियेरोगी आल्या तेव्हा हात आपोआप करंजीची मुरड घालायला लागले. बाब्चा थांबल्या. माझं मनगट धरून दिव्याखाली नेलं, मुरडीवरून अंगठा फिरवला आणि आतल्या खोलीतून लेकीला हाक मारली. त्यांच्याकडे त्या काठाला 'झालर' अशा अर्थाचा शब्द आहे आणि तशी झालर बाब्चांची आई घालायची, त्यांना स्वतःला ती कधी जमली नव्हती. नंतरच्या चाळीसेक पियेरोगींचे काठ मीच घातले.

खिडकीत बसून लहान पोरं पहिला तारा शोधतात, तो दिसल्याशिवाय ताटावर बसायचं नाही. पांढऱ्या चादरीखाली मूठभर सुकं गवत. आधी ओप्वातेक, कागदासारखी पातळ पोळी, तिचा तुकडा प्रत्येकाने प्रत्येकाच्या हातातला तोडायचा आणि त्याचं शुभ चिंतायचं. आपल्या तिळगुळासारखं, पण घाईने नाही. एकेकाजवळ उभं राहून, डोळ्यांत बघून. त्या घरातल्या दोन भावांचं वर्षभर बोलणं नव्हतं असं रूममेटने आधीच सांगितलं होतं. ते दोघे बराच वेळ उभे होते.

आणि टेबलावर एक ताट जास्त. मला वाटलं माझंच. जाऊन बसायला लागले तर रूममेटने हळूच दुसऱ्या खुर्चीकडे नेलं. माझं ताट वेगळं मांडलेलं होतं, कारण मी तर बोलावलेली पाहुणी. ते रिकामं ताट न बोलावता येईल त्याचं. रात्री मी बाब्चांना विचारलं, कुणी आलं का कधी? त्या म्हणाल्या, वाटसरू एकदाच आला, फार वर्षांपूर्वी, बस चुकलेला. पण त्या स्वतः ते ताट मांडतात सायबेरियात नेलेल्या त्यांच्या मावशीसाठी. 1940 च्या फेब्रुवारीत सोव्हिएतांनी नेलं, परत आली नाही.

वॉर्सावाला

वाचताना घशाशी आलं. मी नोकरीनिमित्त वॉर्सात तीन वर्षं होतो. मीरा ऑगस्टमध्ये नसेल म्हणून मी लिहितो. 1 ऑगस्टला संध्याकाळी बरोबर 5 वाजता शहरभर भोंगे वाजतात. जर्मनांविरुद्धच्या 1944 च्या उठावाची ती वेळ. पहिल्या वर्षी मी ट्रॅममध्ये होतो, चालकाने ट्रॅम थांबवली. मोटारी भर चौकात थांबल्या, लोक उतरून उभे राहिले. माझ्यासमोर एक बाई बाळाची गाडी धरून उभी होती, बाळ रडत होतं आणि ती त्याला न थोपटता मान खाली घालून उभी होती. मिनिटभराने शहर परत चालू.

तो उठाव 63 दिवस चालला. हरल्यावर जर्मनांनी घरं एकेक करून जाळली, सुरुंग लावले. जुनं गाव राहिलंच नाही. आज दिसतं ते युद्धानंतर पुन्हा बांधलेलं आहे. अठराव्या शतकातल्या बेलोत्तो नावाच्या चित्रकाराने काढलेली शहराची चित्रं आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धाआधी घेतलेली मोजमापं समोर ठेवून. 1980 मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशात घेतलं, म्हणजे वारसा त्या जुन्या विटांइतकाच पुन्हा बांधण्याचाही आहे. मला तरी हे पूर्ण पटतं.

भटकंती

मीरा, आउशविट्झला गेलीस का? सगळे आधी तेच विचारतात.

मीरा_नाशिक

गेले. त्याबद्दल इथे लिहिणार नाही, ते अजून माझ्या आत नीट बसलेलं नाही.

त्याऐवजी रोजच्या रस्त्यावरचं सांगते. काझिमिएझ या वस्तीतून मी कॉलेजला जाते. युद्धाआधी क्राकुफमध्ये 60 हजारांहून जास्त ज्यू राहत होते, साधारण शहराचा चौथा हिस्सा. जुन्या दारांच्या उजव्या चौकटीवर कुठे कुठे तिरपी खाच दिसते. तिथे मेझुझा असायची, प्रार्थनेचा चर्मपत्राचा तुकडा ठेवलेली छोटी डबी. डबी गेली, वरून रंगाचे कितीतरी हात दिले, तरी खाच राहिली. मी ज्या दारासमोरून जाते तिथली खाच माझ्या करंगळीएवढी आहे. विस्वा नदीपलीकडे घेट्टोच्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, चौकात आता धातूच्या मोठ्या खुर्च्या ठेवल्या आहेत, रिकाम्या. ट्रॅमची वाट बघणारे लोक त्यावर बसतात. मी बसू शकले नाही.

रंकाळा

मीराताई, कालपासून तुमचा धागा वाचतोय. सायबेरियात नेलेली मावशी वाचलं आणि राहवलं नाही. आमचं घर कोल्हापुरात, गांधीनगरच्या वाटेवर. कपडे घ्यायला सगळं कोल्हापूर तिथे जातं, पण गांधीनगरच्या आधी तिथे काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथे पोलिश छावणी होती. वळिवडे कॅम्प. 1943 ते 1948, जवळपास 5 हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएतांनी सायबेरियात, कझाकस्तानात नेलेली हीच माणसं. 1941 मध्ये सुटका झाली, इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यातली काही पंचगंगेकाठी आली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च, दवाखाना, स्काउट, नाटकं. ती गेल्यावर फाळणीतून आलेले सिंधी बांधव त्याच बराकींत राहिले, तेच आजचं गांधीनगर.

माझी आजी सांगायची, त्या बायका बाजारात येऊन बोटांनी भाव करायच्या आणि पुढे पुढे मराठीतून 'किती?' विचारायच्या. 'महाग, महाग' म्हणून हसायच्या. एकीने आजीच्या आईला लोकरीचे मोजे विणून दिले होते. कोल्हापुरात लोकरीचे मोजे कोण घालणार? पण ते ट्रंकेत होते, मी लहानपणी हातात घेतलेले आहेत. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

जुना_वाचक

रंकाळा, उत्तम माहिती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना आसरा दिला ते बहुतेकांना ठाऊक असतं, वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे. वळिवडे मागे पडतं, आणि संख्येने ती छावणी कितीतरी मोठी होती.

आणखी एक महाराष्ट्राचा धागा. मॉरिस फ्रीडमन हा वॉर्सात जन्मलेला ज्यू अभियंता. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये प्रजेच्या हाती कारभार दिला, त्या प्रयोगात गांधीजींसोबत याचाही हात होता. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणली ती यानेच. आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या वांदा दिनोव्स्का, उमादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्यांनी भारतातल्या या पोलिश निर्वासित मुलांसाठी काम केलं, भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये आणले.

वॉर्सावाला

मीरा, वॉर्सात माँटे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे, क्रासिन्स्की बागेजवळ. त्याच्या बाजूला वळिवडे-कोल्हापूर छावणीचा फलक आहे. परतण्याआधी नक्की जा. विद्यार्थी ओळखपत्रावर रेल्वेचं तिकीट निम्म्याहून कमी पडतं.

मीरा_नाशिक

तीन आठवड्यांनी येते आहे, परीक्षा होत्या.

जाऊन आले. बर्फ पडत होतं. फलकावर कोल्हापूर हे नाव वाचायला हातमोज्याने बर्फ पुसावं लागलं. शेजारी माँटे कॅसिनोचं स्मारक का, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. वळिवड्यात बायका-मुलं होती तेव्हा त्यांचे बाप, भाऊ, नवरे जनरल आंदेर्सच्या पोलिश सैन्यात इटलीत लढत होते. मे 1944 मध्ये त्यांनी माँटे कॅसिनोचा डोंगर घेतला. त्याच इटलीत, त्याच उन्हाळ्यात, 10 जुलैला माणगावचे सैनिक यशवंत घाडगे लढताना पडले, हे माझ्या बाबांनी फोनवर सांगितलं.

फोटो बाब्चांना पाठवला. रूममेटने वाचून दाखवलं. त्यांच्या मावशीचं नाव वळिवड्याच्या यादीत असण्याची शक्यता फार नाही, त्या मुळात बाहेर पडल्याच नसाव्यात असं घरचे मानतात. पण बाब्चांनी मला विचारलं की तिथे कुणी गेलं असेल, म्हणजे वारलं असेल, त्यांना दिवा कोण लावतं?

यासाठी 1 नोव्हेंबर सांगायला हवा. त्या दिवशी सगळा पोलंड स्मशानात जातो. मी राकोवित्स्की दफनभूमीत गेले होते. हजारो काचेचे दिवे, शेवंतीच्या कुंड्या, संध्याकाळी आभाळ खालून उजळलेलं. दाराशी 'तुर्की मध' नावाची चिक्कीसारखी मिठाई विकतात, तीही याच दिवसांत. आपल्या सर्वपित्रीसारखा दिवस, पण घराबाहेरचा. ज्या कबरीवर कुणी येत नाही तिथे अनोळखी लोक दिवा ठेवतात. एका लहान मुलाला त्याची आई अंधारी कबर शोधायला पाठवत होती.

रंकाळा

ताई, कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत. मी एकदाच बाहेरून पाहिल्या आहेत. 1 नोव्हेंबरला मी आणि माझी मुलगी जाऊ. आजींना सांगा. तसे काचेचे दिवे इथे मिळणार नाहीत, दिवाळीच्या आसपासचे दिवस असतात, पणत्या घरात असतातच. पणती चालेल का?

मीरा_नाशिक

विचारलं. चालेल म्हणाल्या. फक्त वाऱ्याने विझणार नाही अशी ठेवा.

रंकाळा

कंदिलाची काच लावतो वरून. आजीची आहे.